फरशी बसण्याआधी गरम पाण्याची वाट ठरवा

फ्लॅट नवा करायला काढला की बेळगावात पहिली चक्कर टाइल्सच्या दुकानात होते, दुसरी नळांच्या शोरूममध्ये. गिझर कुठल्या कंपनीचा यावर घरात वाद रंगतो. गरम पाण्याचा पाइप कुठून कुठं जाणार हा विषय मात्र निघतो तो गवंडी कटर घेऊन भिंतीपुढं उभा राहिल्यावर. प्लंबर म्हणतो, "होतंय की काका, कशाला काळजी करताय." होतं खरं. टाइल्स बसतात, नळ चकाकतात, आणि पहिल्याच थंडीत कळतं की गरम पाणी यायच्या आधी अर्धी बादली गार पाणी सोडून द्यावं लागतंय, किंवा नळाचा मिक्सर कितीही फिरवला तरी पाणी कोमटच. तोवर पाइप टाइल्सच्या आत गेलेला असतो.

गिझर बिघडला तर दुपारपर्यंत दुसरा लावता येतो. पाइपाची वाट पुढच्या फोडाफोडीपर्यंत तशीच राहते. म्हणून आधी पाणी कुठं तापणार ते ठरवायचं, मग ते कुठल्या वाटेनं येणार ते, आणि टाइल्सचा रंग त्यानंतर.

आपल्या भागाची गोष्ट थोडी वेगळी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. हिवाळ्याची पहाट चांगलीच गार, पण ऑक्टोबर ते मे ऊनही भरपूर, त्यामुळं गच्चीगच्चीवर पाणी तापवायचा सोलर दिसतो. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. जांबोटी-खानापूरकडं तर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. अथणी-चिक्कोडीत पाऊस कमी, तिथं सोलर जास्त दिवस कामाला येतो. एकट्या सोलरवर बेळगाव-खानापुरातलं वर्ष निघत नाही. सोलर आणि विजेचा गिझर अशी दोन साधनं ठेवावी लागतात, आणि खरी गुंतागुंत ही दोन एकत्र आणण्यातच आहे.

अंतराचा हिशेब

आंघोळ झाली, नळ बंद केला, की गिझरपासून नळापर्यंतच्या पाइपात गरम पाणी भरून राहतं. ते तिथंच गार होतं. पुढच्या वेळी आधी ते बाहेर येणार, मग गरम. म्हणजे पाइपाच्या पोटात जितकं पाणी मावतं तितकं प्रत्येक वेळी वाया, आणि ते तापवायला लागलेली वीजही.

हे मोजता येतं. अर्ध्या इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपात एका मीटरला साधारण १२० मिलिलिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत २६० आणि एक इंचीत ४३०. गिझर युटिलिटीत, म्हणजे धुण्याभांड्याच्या जागेत, टांगला आणि मोठी बाथरूम तिथून ९ मीटर पाइपावर असली, तर पाऊण इंचीत सव्वादोन लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी अडकतं, अर्ध्या इंचीत लिटरभर. आंघोळीला हे चालून जाईल. स्वयंपाकघरात सिंकवर दिवसातून दहा वेळा नळ सोडला जातो, तिथं ते चालत नाही. सोलरचं अंतर तर आणखी मोठं. गच्चीवरून डक्टमधून, म्हणजे पाइप उतरवायच्या उभ्या पोकळीतून, खाली, मग फ्लॅटच्या आत, असा २२ मीटरचा एक इंची पाइप असेल तर त्यात साडेनऊ लिटर पाणी. बरोबर अर्धी बादली. दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येणाऱ्या वॉर्डात रोज सकाळी अर्धी बादली गटारात सोडणं कुणालाच परवडत नाही, आणि ती बादली बाजूला भरून ठेवायची सवय सगळ्यांना लागत नाही.

मग सगळीकडं बारीक पाइपच घालू, असं वाटेल. तेही जमत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी फक्त उंचीच्या जोरावर खाली येतं. दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर शॉवर आणि टाकीचा तळ यांत तीनच मीटर असतील तर हातात ०.३ बार. तेवढ्या दाबात बारीक लांब पाइप घातला की धार करंगळीएवढी. चौमजली इमारतीच्या तळमजल्यावर १.२ बारच्या पुढं दाब असतो, तिथं बारीक पाइपानं भागतं. शोरूममधला तो ताटाएवढा पावसासारखा शॉवर मागं पंप लावून दाखवलेला असतो, हे वरच्या मजल्यावरच्यांनी घेण्याआधी आठवावं.

मधला मार्ग असा: गच्चीवरून येणारी मुख्य लाइन पाऊण किंवा एक इंची, आणि घरात शिरल्यावर प्रत्येक नळाकडं जाणारा फाटा अर्धा इंची, शक्य तितका आखूड. बाथरूम एकमेकींना पाठ लावून असतील तर काम सोपं होतं. फ्लॅटची आखणीच बदलत असाल तर मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना बाथरूमचे नळ आणि जमल्यास पलीकडं सिंक, एवढं एक साधलं तरी निम्मा पाइप वाचतो. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत बंब न्हाणीच्या दाराशीच असायचा. त्यातलं पाणी हात लांबवून घेता येई, अंतराचा प्रश्नच नव्हता.

मिक्सरमध्ये दोन पाणी भांडतात तेव्हा

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या असतात आणि सगळ्यात कमी विचारही इथंच झालेला असतो.

मिक्सरला दोन बाजूंनी पाणी येतं, डावीकडून गरम, उजवीकडून गार. दोन्हीचा दाब सारखा असेल तर मूठ फिरवल्यावर ती नीट मिसळतात. सारखा नसेल तर जोरदार पाणी दुसऱ्याला येऊच देत नाही. बेळगावात काही वॉर्डांना २००८ पासून चोवीस तास पाणी आहे. तिथं खालच्या मजल्यावर बऱ्याच घरांत गार पाणी थेट महापालिकेच्या लाइनीतून, दाबानं येतं. गरम मात्र गच्चीवरच्या सोलरमधून, उंचीच्या जोरावर. मिक्सर उघडला की गार पाणी जिंकतं. मालक सोलर कंपनीला फोन करतो, "पाणी तापत नाही." गच्चीवरच्या टाकीत पाणी ७० अंशांवर असतं.

याचं पुढचं रूप आणखी विचित्र. काही हँडशॉवरना टोकाशीच बंद करायचं बटण असतं. मिक्सर उघडा ठेवून ते बटण बंद केलं, की बाहेर जायला वाट नसलेलं गार पाणी गरमच्या पाइपातून उलटं वर चढतं आणि सोलरच्या टाकीत शिरतं. दाब पुरेसा असेल तर टाकीच्या हवा जायच्या नळीतून गच्चीभर सांडतं. सकाळी गच्ची ओली आणि टाकीतलं पाणी गार, पाऊस तर पडलेला नाही. कारण तीन मजले खालच्या बाथरूममध्ये असतं, म्हणून ते लवकर सापडत नाही.

उपाय दोन पायऱ्यांत. पहिला आणि मुख्य म्हणजे मिक्सरच्या दोन्ही बाजूंना पाणी एकाच उंचीवरून येऊ द्या. बाथरूमचं गार पाणी गच्चीवरच्या टाकीतूनच घ्या. महापालिकेची थेट लाइन स्वयंपाकघरात पिण्याच्या नळापुरती ठेवा. दुसरा, मिक्सरच्या आधी दोन्ही लाइनींवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे उलटं पाणी चढणार नाही. नुसता दुसरा उपाय केला तर सांडणं थांबेल, पण कोमट पाण्याची तक्रार राहील. प्रेशर पंप बसवायचा असेल तर तोही याच नियमानं: फक्त गार लाइनीवर पंप घातला की वरचंच भांडण आपण पैसे देऊन विकत घेतो. साधा सोलर दाब सोसणारा नसतो, त्याच्या टाकीत पंपानं पाणी ढकलता येत नाही. तिथं सोलरनंतर गरम लाइनीवर, गरम पाणी चालणारा छोटा पंप वेगळा लावावा लागतो.

सोलरची आणखी एक अट बरेचदा नूतनीकरणातच उघडी पडते. साध्या सोलरला गार पाणी देणारी टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, नाहीतर सोलर पूर्ण भरतच नाही. जुन्या इमारतीत पाण्याची टाकी जिन्याच्या माथ्यावर बुटकी बांधलेली असते. सोलर घेण्याआधी गच्चीवर जाऊन टेपनं मोजा. गच्ची सगळ्यांची असते, तेव्हा पॅनेल कुठं बसणार आणि तुमचा पाइप कुठल्या डक्टमधून उतरणार याची इमारतीतल्या मंडळींकडून आधी लेखी संमती घ्या. काम निम्म्यावर असताना अध्यक्षांशी वाद घालण्यात मजा नाही.

सोलर आणि गिझर, एकाच पाइपावर

पावसाळ्यासाठी बरेच जण सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल बसवून घेतात. फ्लॅटसाठी मला हा सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. एका माणसाला २० लिटर पाणी हवं म्हणून गच्चीवर १०० किंवा २०० लिटर तापवायचं, आणि ते खाली येताना पाइपात गार होऊ द्यायचं. शिवाय गच्चीवरची ती वीज कुणाच्या मीटरवर, हाही प्रश्न.

बरा पर्याय म्हणजे बाथरूमजवळ १५ लिटरचा गिझर आणि सोलरची लाइन त्याच्याच आत आणणं. ऊन असलं तर गिझर बंद ठेवायचा, गरम पाणी त्यातून नुसतं पुढं जातं. आभाळ आलं की बटण दाबायचं. यात एक अडचण आहे: गिझर बंद असताना त्याच्या पोटातलं १५ लिटर गार पाणी आधी बाहेर पडतं, आणि आपण आधीच अर्धी बादली पाइपाला दिलेली असते. म्हणून तीन व्हॉल्व्हचा बायपास करून घ्या. एक व्हॉल्व्ह गिझरच्या आत जाणाऱ्या लाइनीवर, एक बाहेर पडणाऱ्या, आणि तिसरा दोघांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यावर. उन्हाळ्यात आडवा उघडा, बाकीचे दोन बंद. पावसाळ्यात उलट. गिझर दुरुस्तीला काढला तरी घर थांबत नाही. दोन व्हॉल्व्ह बंद करून ठेवलेल्या काळात गिझरचं बटण कुणी दाबू नये, म्हणून त्याचा एमसीबीही (बोर्डावरचा त्या लाइनीचा स्विच) खाली पाडून ठेवायचा. सोलरचं पाणी फार तापलेलं असू शकतं, तेव्हा ते आत घेतलेलं चालेल असं गिझरच्या माहितीपत्रकात आहे ना, ते बघून मगच घ्या.

लाइन फॉल्स सीलिंगमधून नेताना दारावरून वर, मग खाली, पुन्हा वर, अशी कमान करू देऊ नका. उंचीच्या दाबावर चालणाऱ्या लाइनीत अशा कमानीच्या माथ्यावर हवा अडकते आणि पाणी थांबतं. प्लंबर त्याला एअर लॉक म्हणतात आणि पाइपावर हातोडी मारून सोडवतात. उतार एकाच दिशेनं ठेवला की हातोडी लागत नाही.

आता आकारमानाचं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ०.७ युनिट वीज लागते, २ किलोवॉटच्या गिझरला साधारण वीस मिनिटं. २५ लिटरला १.१६ युनिट, पस्तीस मिनिटं. बादलीनं आंघोळ करणाऱ्या घरात १५ लिटरचा गिझर पुरतो, कारण ६० अंशांचं पाणी गार घालूनच वापरायचं असतं. शॉवरखाली निवांत उभं राहणारे असतील तर २५ घ्या. ३ लिटरचा इन्स्टंट गिझर स्वस्त दिसतो, पण त्याचा हिशेब असा: ३ किलोवॉटची कॉइल मिनिटाला ३ लिटर धारेत पाणी फक्त १४ अंशांनी वाढवते. डिसेंबरात २० अंशांचं पाणी ३४ होईल. भांडी घासायला उत्तम, आंघोळीला चरफडत. सिंकखाली तो लावा, बाथरूमपासून तिथवर लांब पाइप ओढू नका.

विजेच्या बिलाचा विचार करणाऱ्यांसाठी: चौघांनी रोज एकेक बादली कोमट पाणी घेतलं तर महिन्याला पन्नासेक युनिट होतात, गिझर तासन्‌तास चालू ठेवला तर त्याहून जास्त. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०२३ पासून २०० युनिटांपर्यंत सूट मिळते. पात्रतेचे युनिट घरागणिक वेगळे असतात, आणि २०० ओलांडले की हेस्कॉम या वीज कंपनीचं पूर्ण बिल भरावं लागतं. काठावर असलेल्या घरात गिझरच त्या महिन्याचा निकाल लावतो.

गॅस गिझरबद्दल थोडक्यात. बंद बाथरूमच्या आत तो लावायचाच नाही. जळताना तो खोलीतला प्राणवायू खातो आणि हवा पुरेनाशी झाली की कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. उघड्या युटिलिटीत किंवा बाल्कनीत जागा असेल तरच गॅस गिझर, आणि तिथून पाइप आत. "छोटी खिडकी आहे की" हे उत्तर चालत नाही.

भिंतीच्या आत काय जातंय

जुन्या इमारतीत जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पाइप असेल तर काही भाग ठेवून काही बदलू नका. गरम पाण्याची लाइन आतून आधी बुजते, कारण पाणी तापलं की त्यातला चुना लवकर बसतो. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत तर कापलेल्या पाइपात पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं दिसतं. सगळी लाइन काढा. नवी लाइन सीपीव्हीसी किंवा वितळवून जोडतात त्या पीपीआर पाइपाची करा. पांढरा साधा पीव्हीसी गार पाण्याचाच, गरम पाण्यात तो मऊ पडतो. सीपीव्हीसीचे सांधे चिकटवायचं सोल्युशनही वेगळं असतं. पीव्हीसीच्या डब्यातलं सोल्युशन लावून केलेला सांधा आज धरेल आणि पुढच्या वर्षी खालच्या फ्लॅटच्या सीलिंगवर डाग पाडेल.

प्लास्टिकचा पाइप तापला की लांबतो. १० मीटरचा सीपीव्हीसी ४० अंशांनी तापला तर साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर. गच्चीवर आणि डक्टमध्ये क्लॅम्प आवळून बसवले तर तो वाकून सांध्यावर जोर देतो. क्लॅम्पमध्ये पाइपाला सरकायला जागा हवी, आणि लांब सरळ लाइनीत मध्ये एखादं वळण. भिंतीत पाइपावर काळ्या फोमची नळी चढवली की लांबायलाही जागा मिळते आणि उष्णताही टिकते. गरम आणि गार पाइप एकाच झिरीत, म्हणजे भिंतीत कापलेल्या खाचेत, एकमेकांना चिकटवून घालू नका. गच्चीवरचा फोम उन्हात दोन-तीन वर्षांत भुगा होतो. त्यावर अॅल्युमिनियमचं आवरण घ्या. खानापूर बाजूला ते माकडांपासूनही उपयोगी पडतं.

झिरी मारताना कॉलम आणि बीम यांना कटर लावू द्यायचा नाही, कितीही आखूड वाट वाटली तरी. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरीही नको, उभी चालते. पाइप बाथरूमच्या जमिनीखालच्या भरावातून नेऊ नका. गळती झाली तर ती तुम्हाला नव्हे, खालच्या शेजाऱ्याला आधी कळते.

भरलेला २५ लिटरचा गिझर पस्तीस-चाळीस किलोचा होतो. तो भरीव भिंतीवर, चांगल्या अँकर बोल्टवर टांगायचा. जागा ठरवताना खाली दोन हात मोकळे राहतील असं बघा, नाहीतर कॉइल बदलताना अख्खा गिझर उतरवावा लागतो. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात, ते बरोबर आहे: २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की जवळपास ४०० मिलिलिटरनं फुगतं आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. ते थेंब नळीनं ड्रेनपर्यंत न्यायची सोय आधीच करा. "गळतंय" म्हणून कुणी तिथं बूच मारलं, तर टाकी फुटू शकते. विजेसाठी स्वतंत्र लाइन, २ किलोवॉटला २.५ चौरस मिलिमीटरची वायर, ३ किलोवॉटला किंवा लांब अंतराला ४ ची. १६ अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग, बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. बटण बाथरूमच्या बाहेर.

हे सगळं प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि टाइल्सवाला या तिघांना एकदम कळायला हवं. आपल्याकडं एक कन्नड बोलतो, दुसरा मराठी, टाइल्सवाला बहुतेक राजस्थानचा. भिंतीवरच लाल खडूनं गरम आणि निळ्यानं गार लाइन आखा, नळाची उंची आकड्यात लिहा. भिंतीवरच्या मिक्सरला दोन तोंडांत ६ इंच अंतर लागतं, आणि ते टाइल्सच्या वरच्या पातळीवर मोजायचं, विटेवर नाही. मिक्सर आधी विकत आणून प्लंबरच्या हातात देणं सगळ्यात खात्रीचं.

सांधे जोडून चोवीस तास गेले की, झिऱ्या बुजवण्याआधी, हँड पंपानं लाइन तपासून घ्या. गिझर आणि सोलर वेगळे करून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भरायचा आणि काटा खाली येतो का ते तासभर बघायचं. प्लंबर म्हणेल, "पाणी सोडून बघितलंय." पाणी सोडून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. पंप भाड्यानं मिळतो, आणि टाइल्स फोडण्यापुढं ते भाडं काहीच नाही. मग प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, पाइपाशेजारी टेप उघडून धरलेला, म्हणजे पुढं आरसा लावायला ड्रिल मारताना कुठं मारायचं नाही ते कळेल.

शेवटचं काम गच्चीवर. आठ फ्लॅटचे आठ पाइप शेजारीशेजारी उतरतात आणि सगळे सारखेच दिसतात. आपल्या व्हॉल्व्हवर फ्लॅट नंबर रंगवून घ्या आणि जमलं तर बाकीच्यांचेही. नाहीतर पहिल्याच दुरुस्तीला चुकीचा व्हॉल्व्ह बंद होतो आणि अंगाला साबण लावलेले शेजारी टॉवेल गुंडाळून तुमच्या दारात येतात.